पांघरूण घेतलेला योद्धा

आमच्या स्वयंपाकघरातला कुकर नक्की कधी बंद झाला, ते मला सांगता येणार नाही. ड्रेस्डेनला आलो त्या पहिल्या वर्षी तो रोज सकाळी शिट्ट्या द्यायचा, आणि खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे मिस्टर, क्राउझ एकदा घाबरून वर आले होते, घरात काही फुटतंय का ते विचारायला. आईने त्यांना आत बोलावलं, झाकण उघडून दाखवलं, वरणाची वाफ त्यांच्या चष्म्यावर जाऊ दिली, आणि जाताना वाटीभर शंकरपाळे हातात ठेवले. त्यानंतर ते लिफ्टमध्ये भेटले की तोंडाने शिट्टीचा आवाज काढायचे आणि आई पदर तोंडाशी नेऊन हसायची. पुढे कधीतरी भात बाबा किंवा मी उघड्या पातेल्यात शिजवायला लागलो. कधी तो खाली लागायचा, कधी पेजेसारखा व्हायचा. आई तो निमूटपणे खायची आणि पुन्हा खोलीत जाऊन पडायची. एखादा आवाज सुरू झाला की माणूस मान वर करून बघतो. बंद झाला तर कोण बघतं?

आम्ही सातव्या मजल्यावर राहायचो. तयार भिंती एकावर एक रचून बांधलेली ती राखाडी इमारत होती, आणि खाली ट्राम वळताना रुळांचा किंचाळल्यासारखा आवाज घरभर यायचा. बाबा चिपच्या कारखान्यात होते. तिथे धुळीचा कणही चालत नाही म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालावा लागे, आणि घरी आले तरी त्यांचे केस टोपीखाली दबलेलेच असायचे. आई पुण्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिथे रस्त्यात, भाजीबाजारात, बसस्टॉपवर, कुठेही कोणीतरी "बाई" म्हणून हाक मारायचं आणि आई वळायची. ड्रेस्डेनमध्ये तिला हाक मारणारे आम्ही दोघंच. जर्मनच्या वर्गाला ती काही महिने गेली. घरी येऊन ताटाशेजारी चमचे मांडायची आणि म्हणायची, "चमचा पुरुष, काटा बाई, आणि सुरी नपुंसक. कोणी ठरवलं गं हे?" मग तो वर्गही सुटला. मी मात्र शाळेत जाऊन वर्षभरात फाडफाड बोलायला लागले होते, इतकी, की आईने मराठीत काही विचारलं तरी माझ्या तोंडून 'हो'ऐवजी आधी जर्मन "या" निघायचं. घरभाड्याच्या कचेरीत, दातांच्या डॉक्टरकडे, माझ्याच शाळेच्या पालकसभेत आईच्या शेजारी बसून तिचं बोलणं जर्मनमध्ये आणि त्यांचं मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. मोठ्या माणसांनी माझ्या तोंडाकडे बघत थांबणं आवडायचं.

ट्रामच्या थांब्याजवळ एका व्हिएतनामी बाईंचं दुकान होतं. कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या तिथेच मिळायच्या. त्यांचं आणि आईचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे दोघींची छान गट्टी होती. एकीने जुडी वर धरायची, दुसरीने नाक मुरडायचं, मग आतून ताजी जुडी यायची. आईने तिकडे जाणं सोडल्यावर मी जायला लागले. त्या बाई दर वेळी भुवया उंचावून जर्मनमध्ये आईची चौकशी करायच्या, "मामा?" मी सांगायचे, थकली आहे. शाळेत बाईंनी विचारलं तरी तेच, गणपतीला भेटणाऱ्या मराठी मंडळींनी विचारलं तरी तेच. पुण्याहून आजीचा फोन आला की बाबाही म्हणायचे, "थोडी दमलीय हो ती. हवा मानवत नाही इथली." आम्हाला ते खोटं वाटत नव्हतं. आमच्याकडे त्याला दुसरा शब्दच नव्हता.

त्या हिवाळ्यात शहरातल्या एका म्युझियममध्ये जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. आमच्या कलेच्या शिक्षिकेने प्रत्येकाला एकेक चित्र निवडून त्यावर वर्गात बोलायला सांगितलं होतं. मी घरी येऊन बाबांना म्हटलं की मला चित्रातलं काही कळत नाही. बाबा बेसिनपाशी भांडी घासत होते. ते हळूच म्हणाले, "आईला ने की. तेवढीच बाहेर पडेल." मी खोलीत जाऊन आईला विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "कसली चित्रं?" तिने न वळता विचारलं. मी म्हटलं, योद्धे आहेत आणि राक्षस. थोड्या वेळाने ती उठून बसली आणि म्हणाली, "माझं घड्याळ कुठे आहे बघ." पुण्यात शाळेत शिकवायला जाताना ती ते घड्याळ घालायची. इथे आल्यापासून तिच्या मनगटावर मी ते पाहिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या खोल्यांमध्ये जवळजवळ अंधार होता. मी कुरकुर केली तर आई म्हणाली, "उजेडाने रंग उडतात यांचे. डोळे सरावू दे." आणि खरंच, हळूहळू भिंतींवरून एकेक वर यायला लागलं. बांबूच्या पडद्याआडून डोकावणारा घराएवढा सांगाडा. डोंगराला विळखा घातलेली गोम आणि तिच्यावर धनुष्य ताणून उभा राहिलेला म्हातारा. प्रचंड माशाच्या पाठीवर बसून त्याच्या कल्ल्यात सुरा खुपसणारा एक उघडाबंब पैलवान, आणि त्यांच्या भोवती लाटा, लाटांच्या टोकांना नखं फुटल्यासारखा फेस. आई एकेका चौकटीपाशी वाकून, नाक काचेला लागेल इतक्या जवळून बघत होती आणि बोलत होती. कितीतरी महिन्यांनी ती इतकं बोलत होती, तेही वर्गातल्या आवाजात. "ही रेघ दिसते ना, केसाएवढी? ही कोरलेली नाही. रेघ ठेवायची आणि दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. जे दिसायला हवं ते राहू द्यायचं, बाकी सगळं काढायचं. आणि एका रंगाला एक ठसा. आपल्याकडे कापडावर छापतात तसंच. कागद केसभर सरकला की गेलं सगळं." खोलीतला पहारेकरी आमच्याकडे बघायला लागला होता. मी आईला ओढून मागे घेतलं.

शेवटच्या खोलीत तीन कागद शेजारी शेजारी लावून केलेलं एक मोठं चित्र होतं. उजवीकडे एक सरदार बिछान्यात होता, खांद्यापर्यंत पांघरूण घेतलेला, तळहातावर डोकं टेकून. तलवार शेजारी ठेवलेली. समोर त्याचे चार राखणदार पटावर सोंगट्यांचा कसलासा खेळ मांडून बसले होते. सरदाराच्या मागे, अगदी पाठीशी, एक राक्षसी कोळी होता, भिंतीवरच्या किड्याचा राक्षस झालेला. तो आपलं जाळं दोन्ही हातांनी पुढे ओढत होता, झोपलेल्या लेकराच्या अंगावर चादर ओढावी तसं. आणि वरच्या अंधारात, शाईहून जेमतेम वेगळ्या करड्या रंगात, भुतांची गर्दीच्या गर्दी.

"हा लढत का नाहीये?" मी विचारलं. बाकीच्या चित्रांमध्ये सगळे लढत होते.

"आजारी आहे तो. डोळ्यांखाली बघ कसं झालंय."

"आणि हे?"

"त्याची माणसं. त्याच्यासाठीच जागी बसलीत बिचारी." आई काचेकडे आणखी वाकली. "पण पटाकडे बघतायत."

"मग तो कोळी झडप का घालत नाही?"

"त्याला कुठे घाई आहे," आई म्हणाली.

मी ते वहीत लिहून घेतलं. वर्गात मी तेच चित्र घेतलं आणि तेच वाक्य बोलले, शिक्षिका "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, करत मान हलवत राहिल्या, मला सगळ्यात चांगला शेरा मिळाला. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे आणि आई साठी ओलांडून पुढे गेली आहे. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी तिला विचारलं होतं, लिहू का म्हणून. ती म्हणाली, लिही, पण आधी मला वाचून दाखव. इथवर वाचल्यावर तिने एकच दुरुस्ती सांगितली. "चौघंही पटाकडे बघत नव्हते. एकाची मान वळायला लागली होती. तू ते पाहिलं नाहीस." मी पुस्तकांत ते चित्र पुन्हा शोधलेलं नाही. ती म्हणते तर वळली असेल.

त्या दिवसानंतर आई उठली. म्हणजे खरोखरच अंथरुणातून उठली, आंघोळ करून, केस विंचरून. बाबांना म्हणाली, "अहो, मला लाकडाच्या फळ्या हव्यात, आणि कोरायची हत्यारं." बाबा इतके खूश झाले की दोघं त्याच संध्याकाळी ट्रामने जाऊन सुतारकामाच्या मोठ्या दुकानातून फळ्या, कोरायच्या बारीक छिन्न्या, रोलर आणि काळ्या शाईचा डबा घेऊन आले. स्वयंपाकघराच्या टेबलावर आईने वर्तमानपत्रं पसरली. मी शाळेतून यायचे तेव्हा दारातच कोवळ्या लाकडाचा आणि शाईचा वास यायचा, आणि आतून लाकूड खरवडल्याचा आवाज, उंदीर कुरतडतो तसा. चपातीच्या पिठात भुसा सापडायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून चित्रं वाळत असायची, आणि काय चित्रं होती ती. आमची लिफ्ट, तिच्या दाराला दात. अंगभर डोळे असलेला ट्रामचा तिकीट तपासनीस. एका पत्रपेटीची जीभ सात मजले खाली लोंबलेली. हेर क्राउझसारखी मिशी असलेलं एक भूत, जे तोंडाने शिट्टी वाजवत होतं. बाबा रात्रपाळीहून येऊन ती बघत उभे राहायचे आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आजीला ते फोनवर म्हणाले, "एकदम बरी आहे आता. कामात असते दिवसभर." आम्ही तिघांनी त्या आठवड्यात वाटाण्याची उसळ खाल्ली, आईच्या हातची, आणि कुकर पुन्हा वाजला.

मग चित्रांतून माणसं निघून गेली. लिफ्ट, मिशा, गमती काही उरलं नाही. नुसता म्युझियममधल्या चित्रातला तो वरचा अंधार राहिला, काळ्यावर काळं. आईने जेवायला टेबलावर येणं सोडलं, कारण टेबल फळ्यांनी भरलेलं असायचं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन पलंगावर बसून खायचो. ती झोपत नव्हती. मी सकाळी उठले तर ती तिथेच असायची, आदल्या दिवशीच्याच कपड्यांत. बाबा म्हणाले, "कलाकार माणसं अशीच असतात." मीही मैत्रिणींना तसंच सांगायचे, थोड्या ऐटीत.

त्या दुपारी मी घरी आले तेव्हा खरवडण्याचा आवाज नव्हता. आई टेबलाशी बसली होती. डाव्या हाताला भांडी पुसायचा टॉवेल गुंडाळलेला होता आणि तो टॉवेल पांढरा होता हे मला आठवावं लागलं. पुढ्यातल्या फळीवर एकही रेघ शिल्लक नव्हती. सगळंच लाकूड खरवडून काढलेलं होतं, कडेपासून कडेपर्यंत.

"आलीस?" आई म्हणाली. "दूध आहे बघ फ्रीजमध्ये."

मी तिचा कोट तिच्या खांद्यांवर टाकला. तिला बूट मीच घातले, कारण तिला एका हाताने जमेना. ट्राममध्ये समोरच्या बाईने टॉवेल पाहिला आणि उठून जागा दिली. आमच्या नेहमीच्या डॉक्टर फ्राऊ लेमान होत्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रांग सोडून आम्हाला आत घेतलं, तळहात धुतला, टाके घातले.  मग फ्राऊ लेमान चाकाच्या स्टुलावर बसून सरकत आमच्यासमोर आल्या आणि मला म्हणाल्या, "आईला विचार, हे कसं झालं."

मी विचारलं.

"हत्यार घसरलं," आई म्हणाली.

मी सांगितलं. फ्राऊ लेमान आईकडे बघत राहिल्या. "केव्हा?"

"सकाळी. तू शाळेत गेल्यावर."

तेव्हा दुपार उलटायला आली होती. मी तेही सांगितलं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तिला विचार, मदतीला कोणाला का बोलावलं नाही. आणि सांग, यात रागावण्यासारखं काही नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. "हे तू विचारतेयस की त्या विचारतायत?"

"त्या विचारतायत."

"मग त्यांना सांगते," असं म्हणून आई फ्राऊ लेमानकडे वळली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, मी तिथे नाहीच असं समजून, सावकाश मराठीत बोलायला लागली. "घसरलं ते खरंच घसरलं. पण मग मला उठावंसं वाटलं नाही. बसून राहिले. वाटलं, चला, आता आपल्याला काही करायला नको. रोज सकाळी जाग येते ना, तेव्हा मला वाईट वाटतं. आज पण आलीच जाग, असं वाटतं. नवरा चांगला आहे. मुलगी गुणी आहे. त्यांचं काही चुकलेलं नाही. मला नकोय आता."

बोलून झाल्यावर ती माझ्याकडे वळली नाही. फ्राऊ लेमान वाट बघत होत्या. भिंतीवरच्या हीटरमध्ये पाणी गुळगुळत होतं. जर्मनमध्ये 'की' म्हटलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, मराठीसारखंच, आणि मला आठवतं की मी सगळं लक्ष तेवढ्यावरच ठेवलं. आई म्हणते की, आणि क्रियापद शेवटी. आई म्हणते की, आणि क्रियापद शेवटी. माझं एकही वाक्य चुकलं नाही. मी एकही वाक्य गाळलं नाही, गुणी मुलगीसुद्धा. सगळं संपल्यावर फ्राऊ लेमाननी विचारलं, "तुझं वय काय?" मी म्हटलं, पंधरा. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

बाबा कारखान्यातून थेट आले. डॉक्टर त्यांच्याशी इंग्रजीत बोलल्या, दार लावून. बाहेर आले तेव्हा ते मला घेऊन जिन्यात गेले. आई आत नर्सपाशी बसली होती. बाबांचे केस नेहमीसारखे चपटे बसलेले होते आणि ते पुन्हा पुन्हा त्यांवरून हात फिरवत होते.

"रेवू," ते म्हणाले, "तू नीट सांगितलंस ना? म्हणजे, भाषांतर बरोबर केलंस ना तू? एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. तिला तसं म्हणायचं नसेल."

"ती मराठीतच बोलली, बाबा."

"हो, पण तुला त्याचं जर्मन..."

"तुम्हाला मराठीत सांगू?"

ते कठड्याला टेकले. मग मी त्यांना आईचं सगळं बोलणं मराठीत सांगितलं, तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमाने. जर्मनमध्ये मला रडू आलं नव्हतं. मराठीत 'आज पण आलीच जाग' इथे माझा आवाज गेला. बाबा पायरीवर बसले, कोट सावरायचंही भान न ठेवता. वरून कोणीतरी पिशव्या घेऊन उतरत होतं, ते आम्हाला वळसा घालून गेलं. बाबा म्हणाले, "मी समोरच होतो गं. रोज."  मी त्यांच्या शेजारी बसले.

आईला शहराबाहेरच्या एका दवाखान्यात ठेवलं. मोठी जुनी झाडं होती, विटांच्या बसक्या इमारती, आणि व्हरांड्यात कॉफीचा आणि जमीन पुसायच्या औषधाचा वास. बाबांनी पाळ्या बदलून घेतल्या. आजीला त्यांनी आधी नुसतं हात कापला असं सांगितलं, आणि चार दिवसांनी स्वतःच फोन करून खरं सांगितलं. तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेले, कारण बाबांना आजीशी तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मराठी मंडळींपैकी एक काकू डबा घेऊन आल्या. बाबांनी त्यांनाही दारात उभं राहून सगळं सांगितलं, आणि त्या आत येऊन आमच्या ओट्यावर कणीक मळायला लागल्या.

सुरुवातीला आई आमच्याशी फारसं बोलायची नाही. गोळ्यांनी तिची जीभ जड झाली होती. पुढे हळूहळू ती खिडकीतली झाडं दाखवायला लागली, जेवणात रोज येणाऱ्या उकडलेल्या बटाट्यांची तक्रार करायला लागली, आणि त्या तक्रारीने बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. एका भेटीत तिथल्या डॉक्टरांना आईशी सविस्तर बोलायचं होतं. दुभाष्या म्हणून एक गृहस्थ आले होते, पण ते हिंदी बोलणारे निघाले, आणि आई म्हणाली, हे मला हिंदीत सांगता येणार नाही. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं, मुलगी उत्तम जर्मन बोलते. तीच बसू दे." बाबा काही म्हणणार होते, पण मी खुर्ची पुढे ओढलीसुद्धा होती. ते माझंच काम होतं. दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं.

"नाइन," आई म्हणाली, नाही.

आम्ही सगळेच तिच्याकडे बघायला लागलो. ती खुर्चीत सरळ बसली, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि जर्मनमध्ये बोलायला लागली. तिचं सबंध जर्मन वाक्य मी घराबाहेर पहिल्यांदाच ऐकत होते. शब्द एकेक करून येत होते, मधे लांब थांबत. माझी मुलगी आता भाषांतर करणार नाही, ती म्हणाली. ती लहान आहे. मी बोलते. तुम्ही थांबा. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "जा बाळा, बाहेर बस. बाबांकडून पैसे घे आणि मशीनमधून चॉकलेट घे."

मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. दार नीट लागलं नव्हतं. आतून आईचा आवाज येत होता. ती एखादा शब्द म्हणायची, अडायची, मागे यायची, दुसरा शोधायची. पुरुष, बाई, नपुंसक, सगळ्यांची गल्लत होत होती. क्रियापदं मधेच कुठेतरी पडत होती. डॉक्टर थांबत होते. एकदा एका शब्दापाशी ती इतका वेळ अडकली की तो शब्द माझ्या जिभेवर आला, मी बाकावरून अर्धी उठलेसुद्धा. मग पुन्हा खाली बसले.  मग आईने तो शब्द सोडून दिला आणि दुसऱ्याच बाजूने, चार साध्या शब्दांत, तेच सांगितलं.